मुख्याध्यापकांना बोनस की मार्गदर्शक?

मुख्याध्यापक चांगला असेल तर शाळा सुधारते, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो पैसा कुठे घालायचा यावर.

निकालावर बोनस देणं प्रशासनाला सोयीचं: आकडा बघायचा, रक्कम जमा करायची. पण निकाल थेट मुख्याध्यापकाच्या हातात नसतो. त्याच्या कामाचा परिणाम शिक्षकांमार्फत, तोही दोन-चार वर्षांनी दिसतो. बोनस मात्र दरवर्षी. मग काठावरच्या विद्यार्थ्यांवर भर आणि कच्च्यांकडे दुर्लक्ष हे ओघानंच येतं. शिवाय सुधारायचं कसं, हे पैसे सांगत नाहीत.

दुसरा मार्ग संथ आहे. अमेरिकेत वॉलेस फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या मदतीनं २०११ पासून सहा मोठ्या शालेय जिल्ह्यांनी (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांनी) निवड, प्रशिक्षण, मूल्यमापन आणि नवख्यांना मार्गदर्शन अशी साखळी बांधली. रँड या संशोधन संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात तिथल्या नव्या मुख्याध्यापकांच्या शाळा तीन किंवा अधिक वर्षांनी इतर जिल्ह्यांतल्या तशाच शाळांपेक्षा वाचनात सहा पर्सेंटाइलहून थोड्या जास्त, गणितात जवळपास तीनने पुढे दिसल्या. खर्च विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे ४२ डॉलर. मला हा सौदा स्वस्त वाटतो.

मूल्यमापन दोन्हीकडे असतं, पण या दुसऱ्या मार्गात ते निदानासाठी. (वरिष्ठ वर्षातून एकदा फॉर्म भरून जाणार असतील, तर तेही कागदीच.)

बोनस द्यायचाच असेल, तर अवघड शाळा स्वीकारणाऱ्यांना द्यावा.