मिथिलिन ब्लू: ॲक्सोलॉटलच्या अंड्यांसाठी दोन हंगाम वापरून (लातूर)

मिथिलिन ब्लू म्हणजे मत्स्यटाकीत बुरशीवर टाकायचं निळं औषध, आणि ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यातच राहणारा, पालीसारखा दिसणारा उभयचर. बाकी बाटलीवर काय लिहिलंय ते घेणाऱ्याला माहीत असतंच, म्हणून थेट झाकणावर येते. हे झाकण गळतं. कितीही पिळून लावा, आट्यांवर निळा थेंब जमतोच आणि पुढच्या वेळी बोटांना लागतो. कडप्प्याच्या ओट्यावर डाग खपून गेला, पण सिंकमागच्या पांढऱ्या टाइल्सच्या फटी कायमच्या निळ्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नीळ सांडलीस का काय?" तक्रार केली तर कस्टमर केअरवाल्यांना पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा. नव्वद रुपयांच्या बाटलीचा व्हिडिओ कोण काढून ठेवतं? परत पाठवायचा खर्च वर आमच्याच माथी. एवढ्यात नवीन बाटली आली असती.

आता औषधाबद्दल. दिवाळीनंतर थंडी पडली आणि मादीनं टाकीतल्या जावा मॉसवर (पाण्यातलं शेवाळ) अंडी चिकटवली. त्यातली काही फळत नाहीत, काही मधेच मरतात, आणि बुरशी आधी तिथेच धरते. पांढऱ्या अंड्यावर बोंड फुटल्यासारखे तंतू येतात आणि शेजारच्या चांगल्या अंड्याच्या जेलीला जाऊन भिडतात. पाणी फिकट आकाशी दिसेल एवढंच औषध टाकलं आणि बुरशी थांबली. तेव्हा पाच तारे दिले होते.

ते आता मागे घेतेय. जानेवारीत दुसरी खेप आली तेव्हा अर्धी अंडी निळ्या पाण्यात ठेवली आणि अर्धी साध्या पाण्यात. साध्या ट्रेमध्ये एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) अगदी मंद सोडला, अंगणातल्या देशी बदामाचं वाळलेलं पान टाकलं आणि सकाळ-संध्याकाळ मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं बघितलं. जिवंत अंड्यात काळसर दाणा स्वच्छ जेलीत दिसतो, तो हळूहळू लांबट होतो, पुढे आतल्या आत शेपटी हलवतो. मेलेलं अंडं दुधाळ होतं, कडा विसकटलेल्या दिसतात. असं दिसलं की लगेच ड्रॉपरनं उचलायचं. शेजारच्याला तंतू लागलेले असतील तर ते वेगळ्या वाटीत. दोन्ही ट्रेमध्ये निकाल जवळपास सारखाच लागला. म्हणजे खरं काम ड्रॉपरचं, आणि तो वीस रुपयांचा!

निळ्या पाण्याचा मला राग आहे तो वेगळ्याच कारणानं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हे गाव. आमच्याकडे अजून नळाच्या दिवशी पातेलीसुद्धा भरून ठेवतात. पिल्लांचं बदललेलं पाणी मी तुळशीला, कढीपत्त्याला घालते. निळं पाणी मात्र मोरीत. मुख्य टाकीत ते चालत नाही, कारण फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही त्यानं मरतात आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन निळं पडतं. बादलीभर पाणी असं वाहून जाताना बघवत नाही. एक बरं आहे, आमचं बोअरचं जड पाणी, ज्यानं गिझरची कॉइल दरवर्षी जाते, ते या प्राण्यांना मानवतं आणि त्यात क्लोरीनही नसतं. नळाचं पाणी घ्यायचं तर क्लोरीन घालवणारं थायोसल्फेट टाकूनच.

साधारण दोन ते तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, पाणी थंड असेल तर उशिरा. सेंटीमीटरभराची असतात. ती बाहेर येण्याआधीच निळं पाणी बदलून टाका. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निघतात, मग खायला हलणारं जिवंतच लागतं. मी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांची) अंडी मिठाच्या पाण्यात फोडते आणि जुन्या सुती ओढणीतून गाळून, साध्या पाण्यानं धुऊनच घालते. उरलेला आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरून सडतो, म्हणून रोज तळ साफ करावाच लागतो. पुढचे पाय फुटू लागले की एकमेकांचे चावतात. पाय परत उगवतात, तरी लहान-मोठी वेगळी करून आइस्क्रीमच्या डब्यांत ठेवलेली बरी. डबे धुताना रोज कंटाळा येतो, तो वेगळा.

औषधाला चार, झाकणाचा एक वजा, म्हणून तीन तारे. घ्यायचंच तर सगळ्यात लहान बाटली घ्या, दुकानातून, तिथेच उलटी करून बघून. रोज दोनदा अंडी निवडायला वेळ नसेल त्यांना उपयोगी आहे, बाकीच्यांनी पैसे आर्टेमियावर घालावेत.

काहींनी पिल्लं मागितली आहेत. परदेशी संरक्षित प्राणी असल्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, पिल्लांचीही, हे आधीच सांगते. मग एक प्रश्न विचारते की मे महिन्यात पाणी अठरा अंशांच्या आसपास कसं ठेवणार? कूलरसमोर ठेवू म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणून सांगितलंय.