भांगलणीला खुरपं की सायकल कोळपं? दुखणं कुठं जातं ते आधी बघा

कोल्हापूरकडच्या शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात भाजीपाला करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: भांगलणीला, म्हणजे पिकातलं तण काढायला, बायका मिळत नाहीत. खरं म्हणजे मिळतात, पण सलग चार दिवस येत नाहीत. आमच्या रानात बरीच वर्षं येणाऱ्या एका मावशींना कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पाठीचं काय नाही ओ, गुडघंच उठू देईनात." तेव्हापासून अवजार घेताना मी एकरी खर्चाच्या जोडीला आणखी एक हिशेब मांडतो. अवजार बदललं म्हणून कष्ट जात नाहीत, ते अंगात जागा बदलतात. कुठून कुठं जातात, तेवढं बघायचं.

खुरप्याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. फोकून पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात दुसरं काही चालतच नाही. रोपाच्या बुडातलं तण काढायचं, लवाळ्याची (जमिनीत गाठी धरणारं तण) गाठ खणायची, तर खुरप्याचं टोकच लागतं. पण खुरपं चालवायच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींची दुखणी वेगळी.

उकिडवं बसून सरकत गेलं की गुडघा पूर्ण दुमडलेला राहतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडालगत एक नस जाते, ती दबते आणि पाऊल बधिर होतं, मुंग्या येतात. उठून दोन पावलं टाकली की बरं वाटतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. रोज तासन्‌तास हेच चाललं तर पाऊल वर उचलायची ताकदसुद्धा कमी होऊ शकते.

ओणवं राहिलं तर गुडघे सुटतात, पण धडाचा सगळा भार कमरेवर येतो. बराच वेळ वाकून राहिलं की मणक्याला धरून ठेवणारे बंध ताणून सैल होतात आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून भांगलून उठल्या उठल्या टोमॅटोचं भरलेलं कॅरेट उचलायला लावणं, ही सगळ्यात वाईट सवय. आमच्याकडं ती सर्रास चालते, कारण टेम्पो नेमका त्याच वेळी येऊन उभा राहतो.

सायकल कोळपं म्हणजे पुढं चाक, मागं पातं आणि उभ्यानं ढकलायचा लांब दांडा. त्यानं माणूस उभा राहतो, हाच त्याचा मोठा गुण. ताण कमरेतून आणि गुडघ्यातून निघतो, तो खांद्यात, मनगटात आणि तळहातात जातो. पण तिथं तो चालत-थांबत विभागला जातो. अट एवढीच की रान वाफशावर हवं. आपल्या नदीकाठच्या काळ्या रानात ओल जास्त असली तर पात्याला चिखल चिकटतो, आणि वाळलं की ढेकळांवरून कोळपं नुसतं उड्या मारतं. मग ढकलणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि दोष अवजाराला मिळतो. तण दोन-तीन पानांवर असतानाच कोळपं फिरवलं पाहिजे. गुडघाभर तणात ते घालणं म्हणजे पुन्हा खुरप्याला बोलावणं.

"लांब दांड्यानं रोपं कापली जातात," असं म्हणणारे भेटतीलच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातले मळेवालेही हेच म्हणायचे. तिथं भाजीच्या मळ्यांत मजुरांना आखूड दांड्याची कुदळी घेऊन दिवसभर वाकून काम करावं लागे. शेवटी 1975 साली तिच्यावर बंदी आली. त्यानंतरही तिथला भाजीपाला पिकतोच आहे. अर्थात बुडाजवळच्या चार बोटांपुरतं ते म्हणणं मी खरं मानतो. तेवढं खुरप्यानं करावं, दोन ओळींमधला पट्टा कोळप्यानं.

पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं इंजिनाचं यंत्र, एकरभराच्या आत मला परवडलेला नाही, पण ते बाजूला ठेवू. त्याची थरथर हातातून खांद्यापर्यंत जाते, बांधाकडेला वळवताना कमरेला हिसका बसतो आणि लवाळा असेल तर गाठी तुटून रानभर पसरतात. लांब, रुंद सऱ्या असतील तरच विचार करा.

टोमॅटो किंवा ढबू लावणार असाल तर मात्र अवजाराआधी मल्चिंग पेपरचा, म्हणजे रोपांभोवती जमिनीवर अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचा, विचार करा. ठिबकवर पेपर अंथरला की भांगलण भोकांपुरती आणि सरीपुरतीच उरते. इथं एक ताण सरळ कमीच होतो. फक्त पीक निघाल्यावर पेपर गोळा करायला पुन्हा वाकावं लागतं, आणि ते काम कुणालाच आवडत नाही.

माझा कल विचाराल तर ओळीतल्या भाजीला सायकल कोळपं घ्या आणि खुरपं ठेवाच. दिवसभर एकीनंच कोळपं आणि दुसरीनंच खुरपं असं करू नका. तासा-दीड तासानं अदलाबदल करा, म्हणजे एकाच सांध्यावर दिवस निघत नाही.

कोळप्याचा दांडा कोपराच्या किंचित खाली यायला हवा. मी दुकानात एकटाच गेलो, माझ्या उंचीनं बघून घेतलं आणि घरी आणलं. मावशींच्या हातात दिलं तर मूठ त्यांच्या छातीला लागत होती. दांड्याला खाली आणखी दोन भोकं पाडून घ्यायला वेल्डरकडं परत जावं लागलं, तेव्हा मात्र त्यांना बरोबर नेलं.