मोतीबिंदूनंतरचं याग लेझर: काही महिन्यांनंतर

मोतीबिंदू काढल्यावर लख्ख दिसत होतं आणि काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धुरकट झालं, तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. ज्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात, तिच्या मागच्या बाजूवर उरलेल्या पेशी वाढतात आणि ती गढूळ होते. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसतात. चष्म्याचा नंबर बदलून हे जात नाही.

यावर उपाय म्हणजे याग लेझर: त्या गढूळ मागच्या बाजूत किरणाने खिडकी उघडतात. लेझर तसं सोपं. बाहुली मोठी करणारे थेंब, बधिर करणारा थेंब, हनुवटी यंत्रावर, डोळ्यावर छोटं भिंग. १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, म्हणून डॉक्टर लाल ठिपक्यांनी नेम धरतात. साधारण १ ते २ मिलिज्यूल ऊर्जेपासून सुरुवात करून ३ ते ४ मिलिमीटरची खिडकी उघडतात. टकटक ऐकू येते, दुखत नाही, काही मिनिटांत उरकतं. नेम पुढे लागला तर भिंगावर खड्डा पडतो. एखाद्याने नजर बिघडत नाही, पण कपाळ पट्टीला घट्ट टेकलेलंच ठेवा.

जपायचं ते नंतर. पहिल्या काही तासांत डोळ्यातला दाब चढू शकतो, काचबिंदूवाल्यांना जास्त. म्हणून ब्रिमोनिडिनसारखा दाब उतरवणारा थेंब घालतात आणि तासाभराने दाब मोजतात. मोजला नाही तर आपणहून मोजायला सांगा. त्या दिवशी गाडी चालवू नका.

काही महिन्यांनंतर मत पक्कं आहे: करण्यासारखं आहे. दिव्यांची पसर जाते, बारीक अक्षर सुटं दिसतं, आणि खिडकी सहसा पुन्हा बुजत नाही. तरंगणारे ठिपके मात्र काही आठवडे छळतात, पांढऱ्या भिंतीवर तर फारच. ते हळूहळू विरळ होतात. पण ठिपके एकदम वाढले, कडेला चमका दिसल्या किंवा बाजूने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी रेटिना (डोळ्याचा मागचा पडदा) तपासून घ्या. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी हे कधीच टाळू नये. मधोमध धूसर किंवा वाकडं दिसू लागलं तर मॅक्युलाला, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाला, सूज असू शकते. ती ओसीटीत, म्हणजे रेटिनाच्या स्कॅनमध्ये, कळते.

मधुमेह असेल तर ओसीटी लेझरच्या आधीच करा. दोष मॅक्युलात असेल तर खिडकी उघडून नजर सुधारत नाही. आणि मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं) भिंग मुळातच मानवलं नसेल तर लेझरची घाई नको: पिशवी उघडल्यावर भिंग बदलणं फार जोखमीचं होतं.