फोन नको, फक्त नेट हवं होतं: विक्रोळीतल्या घरातला नऊ महिन्यांचा अनुभव

आम्ही विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात राहतो. जानेवारीत घरचं इंटरनेट बदललं आणि बदलताना एकच हट्ट धरला की बिलात लँडलाइन नको. आता ऑक्टोबर संपत आलाय. कनेक्शन घेताना ज्या गोष्टी मला कुणीच सांगितल्या नाहीत, त्या लिहून ठेवतेय. कुणाचे तरी पैसे आणि फेऱ्या वाचतील.

आधीचं कनेक्शन तांब्याच्या तारेवरचं होतं. सासऱ्यांच्या नावाचा जुना फोन आणि त्याच तारेवर मागाहून आलेलं ब्रॉडबँड. बोलण्याचा आवाज त्या तारेच्या खालच्या ४ किलोहर्ट्झमध्ये जातो, नेट त्याच्या वरच्या पट्ट्यात, आणि भिंतीजवळची छोटी पांढरी डबी दोघांना वेगळं करते. त्या काळी फोनचं भाडं मागणं समजण्यासारखं होतं, कारण तारच मुळात फोनची होती. पण आमच्याकडे लँडलाइन वाजायची कशासाठी? कर्ज हवंय का, क्रेडिट कार्ड हवंय का. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, पदर सावरत फोनपर्यंत जायच्या, 'हॅलो, कोण?' म्हणायच्या आणि पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज बोलत राहायचा. त्या बिचाऱ्या दोनदा-तीनदा 'कोण बोलतंय?' विचारायच्या.

एका रविवारी वर्षभराची बिलं मांडून बसले. मी घरून लोकांचे जीएसटी रिटर्न भरते, आकडे बघायची सवय आहे. फोनचं भाडं महिन्याला २२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६० रुपयांच्या आसपास. वर्षाला ३,११५ रुपये फक्त त्या वाजण्याचे. नेटचे पैसे वेगळे, आणि वेग कागदावर १० एमबीपीएस असला तरी हातात पडायचे जेमतेम ४. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि नेट गायब. 'फोन बंद करा, नेट राहू द्या' असा अर्ज दिला. उत्तर मिळालं की दोन्ही एकत्रच आहे, फोन काढला तर नेटही जाईल.

मग फायबरवाल्यांकडे चौकशी सुरू केली, तर तिथेही तेच! एका मोठ्या कंपनीचा मुलगा घरी आला, म्हणाला, "मॅडम, लँडलाइन प्लॅनमध्ये बाय डिफॉल्ट येते, काढता येत नाही." या एका वाक्यामुळे मी महिनाभर वाचत, विचारत राहिले आणि मूळ मुद्दा कळला. फायबरवर लँडलाइन नावाची वेगळी लाइनच नसते. काचेचा एकच धागा घरात येतो आणि ओएनटी नावाच्या पांढऱ्या डब्यात जातो. त्या डब्याच्या मागे फोनसाठी एक छोटं भोक असतं. कंपनीने आपल्या सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे एक नंबर चालू केला की त्या भोकातून फोन बोलतो, बंद केला की बोलत नाही. वायर तीच, डबा तोच, माणूस पाठवायचीही गरज नाही. त्यामुळे तांत्रिक अडचण आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. प्लॅन तसा बनवलाय एवढंच त्याचं कारण.

दुसरं कारण लोक देतात ते अडीअडचणीचं. लाइट गेली तरी लँडलाइन चालते म्हणतात. तांब्याच्या तारेवर हे शंभर टक्के खरं होतं, कारण फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेवरून यायची. फायबरवर तो फोन तुमच्या घरच्या प्लगवर चालतो. लाइट गेली की ओएनटी बंद आणि फोनही बंद. ज्या गुणासाठी आपण लँडलाइन जपली, तो गुण फायबरच्या लँडलाइनमध्ये उरलेलाच नाही. हे विकणारा सांगत नाही, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर हे माहीत असायलाच हवं.

शेवटी आमच्या भागातल्या केबलवाल्याकडून कनेक्शन घेतलं. तो एका इंटरनेट कंपनीचा पार्टनर आहे. १०० एमबीपीएस, ६५० अधिक जीएसटी, म्हणजे ७६७ रुपये. त्याच्याही छापील फॉर्मवर 'व्हॉइस' समोर आधीच टिक केलेली होती. मी ती त्याच्यासमोर खोडायला लावली, बाजूला त्याची सही घेतली आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवला. पहिल्या बिलात ओळ आली नाही, आजपर्यंत आलेली नाही.

जोडणीचा दिवस लक्षात राहिला. दोन मुलं आली, एक गच्चीवर गेला, दुसरा दारापाशी फतकल मारून बसला. त्याने पिवळ्या वायरचं आवरण सोललं, आत केसासारखा काचेचा धागा. स्पिरिटच्या कापसाने पुसला, एका छोट्या यंत्रात 'टक' करून टोक कापलं, आणि दुसऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर दोन्ही टोकं मोठी होऊन एकमेकांसमोर आली. बारीक ठिणगी उडाली आणि जोड संपला. मग मीटर लावून म्हणाला, "ताई, मायनस एकवीस. मस्त आहे." मी विचारलं की मस्त म्हणजे किती? तेव्हा कळलं की घरी पोचणारा प्रकाश डीबीएममध्ये मोजतात आणि उणे २७ च्या पलीकडे गेला की लाइन डगमगायला लागते. तो आकडा मी राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवला. तुम्हीही जोडणीच्या दिवशी हा आकडा विचारून घ्या.

कारण जुलैत तोच कामाला आला. दोन दिवस धो धो पाऊस, आणि नेमकं २० तारखेला, म्हणजे जीएसटीच्या ३बी या महिन्याच्या रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, ओएनटीवर लाल दिवा लुकलुकायला लागला. फोनवरचा माणूस राउटर बंद-चालू करा म्हणत होता. मी सांगितलं, दिवा एलओएसचा, म्हणजे प्रकाश पोचत नसल्याचा आहे, जानेवारीत उणे २१ होतं, आता मीटर घेऊन माणूस पाठवा. संध्याकाळी मुलगा आला, रीडिंग उणे २९. काचेला पाण्याचं काही वाटत नाही, तिला वाकवलेलं सोसत नाही. गच्चीवर टाकीचं काम करणाऱ्यांनी वायरचं वेटोळं पाइपाखाली दाबलं होतं. ते सोडवून सैल बांधलं, पुन्हा उणे २१. तोवर मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून रिटर्न भरले, पण जीव टांगणीला लागला होता.

हा एक दिवस आणि मार्चमधले काही तास सोडले तर तक्रार नाही. केबल लावून लॅपटॉपवर ९४ मिळतात, अपलोडही तेवढंच, आणि माझ्यासारख्या फाइली चढवणाऱ्या माणसाला अपलोडच महत्त्वाचं. आतल्या खोलीत वायफायवर ३०-३५ येतात, कारण मधली भिंत जुनी आणि जाड आहे. राउटर पॅसेजमध्ये आणल्यावर फरक पडला. मुलाचे व्हिडिओ लेक्चर आणि आईंची संध्याकाळची मालिका एकाच वेळी चालतात.

दोन उणिवा सांगते. छोट्या कंपन्या बहुतेक वेळा तुम्हाला स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा घराचा पत्ता, देत नाहीत, अनेक घरांना मिळून एक असतो. बाहेरून थेट घरच्या कॅमेऱ्यात शिरायचं असेल तर अडेल, स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे भरावे लागतील. माझ्या कामाला अडलं नाही. दुसरी उणीव विजेची. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेतला, ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर तीनेक तास चालतात. पण नुसतं आपल्या घरचं बघून भागत नाही. केबलवाल्याला आधीच विचारा, "गच्चीवर स्विच आहे की फक्त स्प्लिटर?" स्प्लिटर नुसता प्रकाश घराघरांत वाटतो, त्याला वीज लागत नाही. स्विच, म्हणजे नेट वाटणारा विजेवरचा डबा, असेल तर बिल्डिंगची लाइट गेली की तुमचा यूपीएस चालू असून उपयोग शून्य.

जुनी लाइन बंद करणं हा सगळ्यात चिकट भाग. घाई करू नका. आमचा लँडलाइन नंबर बँकेत, गॅसच्या बुकिंगला, विम्याच्या पॉलिसीवर आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये होता. सासऱ्यांची डायरी काढून मी आणि आई दोन दुपारी बसलो. मुंबईचे नंबर सात आकड्यांचे आठ झाले तेव्हा त्यांनी प्रत्येक नंबराच्या आधी निळ्या शाईने २ लिहिला होता, पान न पान. आई त्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नंबर जाऊ दे गं, डायरी ठेव." सगळीकडे त्याच्या जागी मोबाइल नंबर दिला, पुढे पंधरा दिवस थांबलो आणि मगच बंद करण्याचा अर्ज दिला. मोडेम परत केल्याची पोच मागून घेतली. डिपॉझिट आलं, पण दोन स्मरणपत्रं लागली. तक्रार नंबर प्रत्येक वेळी लिहून घ्या. तो असला की कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, नसला की सगळं तोंडी.

मोबाइलच्या बाबतीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएसचं रिचार्ज ठेवा. बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. ज्याला बोलायचंय त्याने डेटाचे पैसे भरू नयेत, तसे ज्याला डेटा हवाय त्याने बोलण्याचे का भरावे? घरच्या कनेक्शनवरही हेच हवं, आणि ते मागणाऱ्याला आडमुठं समजू नये.

लँडलाइन खरोखर फुकट मिळत असेल, बिलात तिची ओळ शून्य असेल, तर भांडू नका, फक्त तिला फोन जोडू नका. घरात एकटं वयस्कर माणूस असेल, मोबाइलची रेंज पकडत नसेल आणि तांब्याची लाइन अजून जिवंत असेल, तर ती मी काढू देणार नाही. बाकीच्यांनी एकदा बिलाची फोड बघावी.

जानेवारीत प्लॅन संपतोय. केबलवाला वर्षाचे एकदम भरले तर एक महिना जास्त देतो म्हणतोय, पण गच्चीवरचं वाटरप्रूफिंग फेब्रुवारीत आहे. तेव्हा वायर कुठून जाणार ते ठरेपर्यंत मी तीन-तीन महिन्यांचेच भरणार आहे.