एमजीबी की एमएक्स-५? माझं घोडं टपापाशी अडलं

इकडे इंग्लंडात परवडेल अशी जुनी टू-सीटर शोधणारा माणूस फिरून फिरून ब्रिटिश एमजीबी आणि जपानी माझ्दा एमएक्स-५ या दोघींपाशीच येतो. लोटस इलान कुणाला नको असते हो, १९६२ ची गाडी, फायबरची बॉडी, वजन ७०० किलोच्याही आत, माझ्दावाल्यांनी १९८९ ची एमएक्स-५ करताना तिच्याकडेच बघितलं होतं. पण किंमत बघून गप्प बसायचं.

एमजीबी १९८० पर्यंत पाच लाखांवर बनल्या, त्यामुळे पार्ट्स सोडा, कोरी बॉडीशेलसुद्धा मिळते. शिवाय ४० वर्षं ओलांडली की रोड टॅक्स नाही, एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीची, सक्ती नाही. १९७४ नंतरच्या रबर बंपरवालीला कलेक्टर लोक नाकं मुरडतात, म्हणून ती स्वस्तात पडते.

माझी आधीची गाडी ब्रिटिशच, कुठली ते राहू दे. इंजिनाने कधी छळलं नाही, छळलं ते टपाने, म्हणजे वरच्या कापडी छताने. आधी सांगाडा उभा करा, मग कापड ताणा, मग कडेने टिचबटणं लावत सुटा, थंडीत कापड आक्रसलेलं असतं, शेवटचं बटण काही केल्या बसत नाही आणि तोवर सीटवर तळं. एकदा मी बाहेर बटणांशी झटतोय आणि बायको आत छत्री उघडून बसलीय. त्या रात्रीच जाहिराती बघायला लागलो.

एमएक्स-५ ला वर दोन खटके, बसल्या जागेवरून एका हाताने ओढायचं, सिग्नल हिरवा व्हायच्या आत काम खलास. टप खाली करताना तेवढी मागच्या प्लास्टिक काचेची चेन आधी उघडा, नाहीतर कायमची घडी पडते. ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर म्हणजे फार नाही, पण गिअर नुसत्या मनगटाने पडतो, आणि स्नेक पासच्या घाटातल्या वळणांवर मला तरी ब्रिटिश गाडीची आठवण आली नाही. तुमचं वेगळं असू शकतं.

कलेक्शन म्हणून एमजीबी आज जास्त भरवशाची, हे मान्य. एमएक्स-५ सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांवर, मग दुर्मीळ कसली? पण पहिल्या पिढीच्या गंजून भंगारात चालल्यात, धड राहिलेली आत्ताच घेऊन ठेवावी असं आपलं मला वाटतं. टपामागची ड्रेनची भोकं पाल्याने तुंबतात आणि पाणी सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, मुरतं. बघायला जाताना पाण्याची बाटली न्या, भोकात ओता, मागच्या चाकाच्या पुढे खालून धार लागली पाहिजे. नाही लागली तर किंमत पाडून मागा, नाहीतर सरळ एमजीबी बघा.