नव्या म्हणून लावलेल्या डिस्क आमच्याच होत्या

ब्रेकमधून आवाज येतो आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, या दोन तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला किती सहज लुटता येतं, हे आमच्या घरात नुकतंच घडलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण गाडी आमच्या हातात परत आली ती आधीपेक्षा जास्त धोकादायक होऊन, आणि त्याचा मला खरा संताप आहे. इंदूरमध्ये ज्यांच्याकडे सेकंडहँड स्पोर्ट्स कार आहे, किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

गाडी पोर्शे ७१८ केमन. भाच्याने सेकंडहँड घेतलेली, वॉरंटी संपलेली. माझा पीथमपूरला टर्निंगचा, म्हणजे लेथवर धातू कातायचा, छोटा कारखाना आहे, लेथ आणि मायक्रोमीटर (जाडी अचूक मोजायचं साधन) यांच्यातच आयुष्य गेलं. म्हणून गाडी बघायला जाताना भाचा मला घेऊन गेला होता. तेव्हाच आम्ही चाकं उतरवून ब्रेकच्या डिस्कची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीची, जाडी मोजली आणि डिस्कच्या कडेवरच्या कास्टिंग नंबरांचे फोटो काढून ठेवले. या गाडीची पुढची डिस्क ३३० मिलिमीटर व्यासाची, नवी असताना २८ मिलिमीटर जाड. आमची २७.४ भरली होती, म्हणजे अजून बरंच आयुष्य शिल्लक होतं.

पावसाळ्यात सकाळी गाडी बाहेर काढताना खरखर ऐकू यायला लागली. शिवाय बायपासवर १००च्या वेगात ब्रेक दाबला की वेग ८०वर येईपर्यंत स्टिअरिंग हातात थरथरायचं. मी तेव्हा कामानिमित्त राजकोटला होतो. रामबागेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी एक वर्कशॉप सुचवलं होतं, भाच्याने गाडी तिथे नेली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि उतरता उतरता निकाल दिला, “भिया, चारों डिस्क टेढ़ी हो गई हैं. घाट में ले गए तो ब्रेक लगेगा ही नहीं.” भाच्याने विचारलं, मोजून दाखवता का? उत्तर आलं, “हमें तो पैर रखते ही पता चल जाता है.” चार नव्या डिस्क, ओरिजिनल पॅड (डिस्कवर दाबून चाक थांबवणारे), कॅलिपरचं (पॅड दाबणाऱ्या भागाचं) स्लाइड पिन किट, एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दुरुस्ती असं सगळं मिळून बिल साडेतीन लाखांच्या वर गेलं. पोराला घाटाची भीती घातली आणि पैसे काढून घेतले.

गाडी आली तेव्हा ब्रेक अगदी गुळगुळीत लागत होते. भाचा खूश होता. पण पुढच्या पावसाच्या सकाळी तीच खरखर आली, काही आठवड्यांनी थरथरही परतली, आणि वर एक नवीन चिरका आवाज सुरू झाला. “मामा, तुम्ही एकदा बघा हो,” म्हणून त्याने गाडी कारखान्यात आणून लावली.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण फसवणारा माणूस आवाज आणि थरथर यांची एकच मोट बांधतो. या दोन गोष्टींची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. डिस्क ओतीव लोखंडाची असते. गाडी रात्रभर ओलसर हवेत उभी राहिली की तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये खरवडून निघून जातो. भाच्याला ऐकू येत होती ती खरखर हीच, यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. भोकं पाडलेल्या डिस्क जोरात ब्रेक दाबल्यावर घुमल्यासारख्या वाजतात, तेही स्वाभाविक. दिशा बदलून पहिला ब्रेक दाबताना एकदाच ‘खट्’ होतं, ते पॅड आपल्या जागेत किंचित सरकल्याचं. ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखं वाजत असेल तर डिस्क आणि मागचा धूळ-पत्रा यांच्यात खडा अडकलाय का ते आधी बघायचं. मात्र ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड संपलेत असं धरा आणि गाडी तिथेच उभी करा.

थरथरीचं गणित निराळं. डिस्क वाकली असं सगळेच म्हणतात, पण बहुतेक वेळा फेरीभर जाडी सारखी नसते, एवढंच झालेलं असतं. ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा स्टिअरिंगला जाणवतो. हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर गंज बसला की डिस्क किंचित तिरकी बसते, प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला घासते आणि तिथे पातळ होत जाते. म्हणून ताज्या कामानंतर सगळं छान वाटतं आणि थरथर सावकाश परत येते. घाट उतरून तापलेला ब्रेक दाबून धरून उभं राहिलं तरी पॅडचा ठसा डिस्कवर बसतो आणि तसाच त्रास सुरू होतो. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर, सीटखाली जाणवत असेल तर मागच्या. ब्रेक न दाबताही गाडी हलत असेल तर टायर, रिम आणि बॅलन्सिंग बघायचं. आमच्या गाडीत फक्त स्टिअरिंग हलत होतं, तरी निकाल चारही डिस्कचा लागला होता.

चाकं उतरवली. पुढची ‘नवी’ डिस्क २६.३ मिलिमीटर भरली. डिस्कवर कोरलेली किमान मर्यादा अगदी जवळ आलेली होती. पृष्ठभागावर लेथच्या टूलच्या ओळी मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या आणि भोकांच्या कडांचा उतार जवळजवळ नाहीसा झाला होता. बाहेरून चंदेरी रंग मारलेला, पण हवेच्या पोकळ्यांत टॉर्च मारला तर आत रंगाखाली जुना गंज. मग कडेवरचा कास्टिंग नंबर बघितला आणि फोनमधला फोटो शेजारी धरला. नंबर तोच होता. आमच्याच डिस्क खरडून, रंगवून आम्हालाच नव्या म्हणून विकल्या होत्या. मागच्या डिस्क तर उघडल्याच नव्हत्या. त्यांना हबवर धरणाऱ्या छोट्या स्क्रूंच्या खाचांत जुना गंज तसाच भरलेला होता.

बिलातलं स्लाइड पिन किट हा सरळ खोटेपणा. या गाडीला चारही चाकांवर चार पिस्टनचे फिक्स्ड कॅलिपर असतात, सरकत्या पिन त्यात नसतातच. एबीएसचं म्हणाल तर वाळूवर ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली धडधडतं, तेव्हा एबीएस आपलं काम करत असतं, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

पॅडच्या मागच्या पट्टीवर कंपनीचा कुठलाही नंबर नव्हता. पॅडमागे चिकटवून पिस्टनमध्ये बसतात ते आवाज दाबणारे डॅम्पर गायब होते, आणि नवा चिरका आवाज आला होता तो त्यामुळे. पण माझे हात थांबले ते सेन्सरपाशी. पॅड संपत आला की त्यातली वायर घासून तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या लोकांनी वायरी कापून एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. पॅड पत्र्यापर्यंत झिजले असते तरी दिवा लागला नसता. ओंकारेश्वरला जाताना आम्ही खंडवा रोडने भेरूघाट उतरतो. माणसांच्या जिवाशी असा खेळ करणाऱ्याला मी नुसता लबाड म्हणणार नाही, गुन्हेगारच म्हणेन.

थरथरीचं मूळ सापडायला फार वेळ लागला नाही. डायल गेज (फिरताना डिस्क किती डुलते ते मोजायचं साधन) लावून डिस्क फिरवली तर ०.१२ मिलिमीटरचा लंगडेपणा. डिस्क काढून हबचं तोंड तारेच्या ब्रशने स्वच्छ केलं, पुन्हा बसवून मोजलं तर ०.०३. एवढं काम त्या वर्कशॉपने केलं असतं आणि त्याचे रास्त पैसे लावले असते तर आम्ही आनंदाने दिले असते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर गाडी आत जाण्याआधी डिस्कच्या कडेचे नंबर आणि पॅडची जाडी यांचे फोटो काढा. मायक्रोमीटरने किमान आठ ठिकाणी घेतलेली जाडी आणि डायल गेजचं रीडिंग जॉबकार्डवर लिहून मागा. ज्यांच्याकडे ही दोन साधनं नाहीत त्यांनी तुमची डिस्क वाकडी ठरवू नये. जुने पार्ट परत हवेत हे आधीच लेखी द्या. ‘स्क्रॅप आमचं’ असं ऐकलं की तिथून गाडी काढा. बिलावर पार्ट नंबर हवाच.

वर्कशॉपने “गाडी पाठवा, बदलून देतो” असं सांगितलं, पण पुरावा त्यांच्या हातात द्यायला मी तयार नाही. नव्या डिस्क, पॅड आणि सेन्सर आम्ही बिलासकट दुसरीकडून घेतले. काढलेल्या डिस्क माझ्या कारखान्यात बांधून ठेवल्या आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. कागद तयार आहेत. नोटिशीच्या उत्तरात वर्कशॉपने लिहिलंय की डिस्क दुरुस्त केलेल्या होत्या आणि ग्राहकाला तसं तोंडी सांगितलं होतं. त्यांच्याच सही-शिक्क्याच्या बिलावर चारही डिस्कपुढे ‘न्यू’ छापलेलं आहे.