डिचोलीतला आमचा बचत गट, कार्डाचं कर्ज फेडायला खरंच कामाला आला

क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४० च्या वर, आणि मिनिमम ड्यू (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) भरत राहिलं तर मुद्दल जागची हलतच नाही. आमच्या घरात चवथीच्या (गणपतीच्या) खर्चापासून हेच चाललेलं. शेवटी वाड्यावरच्या बचत गटातून महिना १ टक्क्याने कर्ज घेतलं, तेही व्याज फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर, नि कार्डाची थकबाकी एकदम भरून टाकली. गृह आधारचे (गोवा सरकारची गृहिणींसाठीची योजना) महिन्याचे १५०० आले की थेट हप्त्यालाच जातात.

बैठक देवळाच्या मंडपात, वही उघडून प्रत्येकीचा हप्ता मोठ्याने वाचतात, सुरवातीला लाज वाटते पण त्या लाजेनेच हप्ता चुकत नाही, आणि एकदा माझे पैसे कमी पडले तर बाजूच्या काकीने गुपचूप पाचशेची नोट सरकवली, बँकेत कोण करतं हो असं!

तक्रार एवढीच की बैठक कधी वेळेवर सुरू होत नाही (अर्धा वेळ कोणाच्या लग्नात काय वाढलं यातच जातो) आणि मोठी रक्कम हवी तर नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं.

आणि हो, कार्डवाले सेटलमेंट (थोडी रक्कम सोडून खातं मिटवणं) देतो म्हणाले तरी घेऊ नका, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो, जमत असेल तर पूर्ण भरून एनओसी (काही बाकी नसल्याचं पत्र) मागून घ्या.